दहा आधी, दोन नंतर : इमेजमॅजिकमधील चित्रांची रांग

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही मूग रुजतानाचे एक छोटे चलच्चित्र दाखवले. प्रयोग साधाच होता. रात्रभर भिजवलेले मूग ओल्या टीपकागदावर ठेवायचे, समोर तिवईवर कॅमेरा पक्का बसवायचा आणि दर दोन तासांनी एक छायाचित्र घ्यायचे. तीन दिवसांत ३६ छायाचित्रे जमली. शिबिराच्या सकाळी आम्ही ती संगणकावर घेतली, एका ओळीची आज्ञा दिली आणि चलच्चित्र तयार झाले. पडद्यावर मात्र भलतेच दिसू लागले. मूळ सरसर वाढले, एकाएकी आखडून दाण्यात गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आखडले. तिसऱ्या खेपेला आखडले ते शेवटपर्यंत आखूडच राहिले.

एका ज्येष्ठ सरांनी याचा उलगडा केला. "रात्री कागद वाळत असणार, म्हणून मूळ आखडते. सकाळी पाणी घातले की पुन्हा फुगते. अकरा-अकरा चित्रांनी हे घडते आहे, म्हणजे बावीस तासांनी. जवळजवळ एक दिवसच की!" हिशेब बरोबर होता. बहुतेकांना तो पटला. आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "पण सर, गळून पडलेले साल पुन्हा दाण्यावर कसे चढले?"

याला उत्तर नव्हते. मग आम्ही फाईलींची नावे तपासली. कॅमेऱ्याने दिलेली लांबलचक नावे बदलून आम्हीच त्यांना १, २, ३ असे साधे क्रमांक दिले होते. संगणक नावे अक्षरक्रमाने लावतो. त्याच्या लेखी १ नंतर १०, ११, १२ असे १९ पर्यंतचे आकडे येतात आणि मग २ येतो. आमची रांग लागली होती ती अशी : १, मग १० ते १९, मग २, मग २० ते २९, मग ३, मग ३० ते ३६ आणि सर्वांत शेवटी ४ ते ९. मूळ कधी आखडलेच नव्हते. जी घटना घडली नव्हती तिची कारणमीमांसा आम्ही सगळे मिळून करत होतो.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ ही लहानशी फिल्म तयार केली होती. तिच्यात अशी चूक होणे शक्य नव्हते. फिल्मच्या फितीवर दुसरी चौकट दहावीच्या आधीच असते. क्रम फितीतच बांधलेला असतो. संगणकातल्या छायाचित्रांना अशी फीत नसते. त्यांना नावे असतात आणि त्या नावांवरून क्रम कोणी लावायचा, हा प्रश्न उरतो.

आम्ही वापरलेल्या साधनाचे नाव इमेजमॅजिक. ते विनामूल्य मिळते, शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते आणि विज्ञानशिक्षकांना त्याची शिफारस अनेकदा केली जाते. ही शिफारस कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी त्याच्या एकाच अंगाची येथे चिकित्सा करायची आहे : अनेक चित्रे एकदम हाताळणे. या साधनाच्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच लिहायच्या असतात. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

साधन आले कोठून?

१९८७ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या रसायन-उद्योगात काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांच्यापुढे एक अडचण आली. संगणकाने तयार केलेल्या चित्रांत लाखो रंगछटा होत्या आणि समोरचा पडदा एका वेळी फक्त २५६ रंग दाखवू शकत होता. ही चित्रे त्या पडद्यावर बरी दिसावीत म्हणून त्यांनी जे लिहिले, त्यातून इमेजमॅजिक घडत गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले आणि तेव्हापासून त्यात सतत भर पडत आहे. २०१६ साली त्याची सातवी आवृत्ती आली.

यात माऊसने चित्र ओढायचे नसते. काय करायचे ते एका ओळीत लिहून द्यायचे. अमुक चित्र घे, अर्धे कर, उजवीकडे फिरव, तमुक नावाने ठेव. पूर्वी या ओळीची सुरुवात ‘कन्व्हर्ट’ या शब्दाने होई. त्याच नावाची, पण डिस्कची फाईलरचना बदलणारी एक आज्ञा विंडोजमध्येही आहे, त्यामुळे नवख्यांचा हमखास गोंधळ उडे. सातव्या आवृत्तीत मुख्य आज्ञेचे नाव ‘मॅजिक’ झाले आणि हा घोटाळा मिटला.

लिहून काम करण्याचा मोठा फायदा म्हणजे केलेले काम मागे उरते. माऊसने चित्र उजळ केले तर किती उजळ केले, आधी कापले की नंतर, हे आठवड्याने कोणाला आठवत नाही. लिहिलेली ओळ प्रयोगवहीत चिकटवता येते. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी तीच ओळ आपल्या छायाचित्रांवर चालवली, तर त्यांच्या चित्रांवर नेमकी तीच प्रक्रिया होते. प्रयोग पुन्हा करून पाहता आला पाहिजे ही विज्ञानाची अट येथे आपोआप पाळली जाते. या साधनाच्या बाजूने आम्हाला वाटणारा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

कवायतीची रांग

अनेक चित्रांसाठी इमेजमॅजिकची कल्पना अगदी सोपी आहे. आज्ञेत जी जी चित्रे येतील ती संगणकाच्या स्मृतीत एकामागे एक रांगेत उभी राहतात. पहिल्या चित्राचा क्रमांक शून्य, दुसऱ्याचा एक, असे पुढे. शेवटून मोजायचे असेल तर वजा एक म्हणजे शेवटचे, वजा दोन म्हणजे त्याच्या आधीचे. वाक्य डावीकडून उजवीकडे वाचले जाते आणि प्रत्येक शब्द त्या क्षणी उभ्या असलेल्या रांगेवर काम करतो.

ही रांग शाळेच्या मैदानावरच्या कवायतीसारखी आहे. ‘डिलीट’ म्हटले की सांगितलेल्या क्रमांकाचे चित्र रांगेतून बाहेर जाते. ‘स्वॅप’ दोघांच्या जागा बदलते. ‘इन्सर्ट’ शेवटचे चित्र उचलून मध्ये उभे करते. ‘रिव्हर्स’ रांग उलटी फिरवते. ‘क्लोन’ एखाद्याची हुबेहूब प्रत रांगेत आणते. अशा पाच-सात हुकमांत कोणतीही रांग हवी तशी लावता येते.

याहून सुंदर आहे ती कंसाची सोय. गणितात आपण ‘कंचेभागुबेव’ शिकवतो : कंसातले आधी. येथेही तसेच. कंस उघडला की एक नवी, रिकामी रांग सुरू होते. बाहेरच्या रांगेतल्या चित्रांच्या प्रती ‘क्लोन’ने आत आणायच्या, त्यांच्यावर हवे ते करायचे आणि कंस बंद करायचा. आतली रांग बाहेरच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. मूळ चित्रांना धक्का लागत नाही. समजा, पानाच्या छायाचित्राशेजारी त्याच्याच शिरांचा मोठा केलेला तुकडा दाखवायचा आहे. पान वाचायचे, कंसात त्याची प्रत घ्यायची, तुकडा कापायचा, मोठा करायचा, कंस बंद करून दोन्ही चित्रे शेजारी शेजारी जोडायची. मध्ये एकही तात्पुरती फाईल तयार होत नाही. शिवाय ‘राईट’ म्हणून वाक्याच्या मधल्या पायरीवरचे चित्र जतन करता येते आणि वाक्य पुढे चालू राहते.

ही रचना किती विचारपूर्वक केलेली आहे, ते दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिले की कळते. १९८८ साली जेफ पॉस्कॅन्झर यांनी ‘पीबीएमप्लस’ हा चित्रप्रक्रियेचा संच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र छोटी आज्ञा होती आणि एकीतून निघालेले चित्र नळीतून वाहावे तसे दुसरीत जाई. एका चित्रासाठी ही पद्धत फार स्वच्छ आहे. चित्रे दोन झाली की एकाला कोठेतरी थांबवून ठेवावे लागते आणि तात्पुरत्या फाईलींचा पसारा वाढतो. इमेजमॅजिकने नळीऐवजी रांग निवडली आणि हा पसारा टाळला. येथवर आम्ही या साधनाची स्तुतीच करू.

न बोलणारा मास्तर

आता दोष पाहू. बहुतेकांचे मूळ एकच आहे : हा कवायतीचा मास्तर रांग कशी उभी आहे ते आपण होऊन सांगत नाही.

मुगाच्या बाबतीत न्यायाने बोलायचे तर पहिली चूक आमची आणि दुसरी संगणकाच्या आज्ञावाचकाची. आम्ही ज्या लिनक्स यंत्रावर काम करत होतो, तेथे ‘सर्व चित्रे’ या अर्थाने लिहिलेल्या तारकेच्या जागी नावांची यादी आज्ञावाचकच बसवतो, आणि ती अक्षरक्रमाने बसवतो. इमेजमॅजिकच्या हाती यादी पडते ती आधीच चुकलेली. पण हेच साधन स्वतः रांगेतली चित्रे वेगवेगळ्या फाईलींत लिहिते, तेव्हा कोणती नावे देते? काही न सांगितल्यास मूळ नावापुढे आडवी रेघ आणि ०, १, २ … ९, १०, ११. आधी शून्ये भरून तीन अंकी नावे द्यायची असतील तर तसे मुद्दाम लिहावे लागते. म्हणजे एका आज्ञेने बारा चित्रे लिहायची आणि दुसऱ्या आज्ञेत तारका देऊन तीच वाचायची, एवढ्यानेच क्रम बिघडतो. येथे मात्र दोष साधनाचाच आहे.

दुसरा दोष हुकमांच्या अर्थाचा. ‘रिसाईझ’ म्हटले की रांगेतले प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे लहान-मोठे होते. ‘अपेंड’ म्हटले की सारी रांग जोडून एकच चित्र बनते. ‘कंपोझिट’ म्हटले की पहिल्या दोन चित्रांपैकी पहिले खाली आणि दुसरे वर ठेवले जाते. रांगेत तिसरे चित्र असेल तर ते झाकणी म्हणून वापरले जाते. चुकून तिसरे चित्र रांगेत राहिले असेल तर निकाल भलताच येतो आणि सूचना काहीच मिळत नाही. प्रत्येकाने हात वर करायचा की सर्वांनी एकमेकांचे हात धरायचे, हे हुकमाच्या नावावरून कळत नाही. ते पाठच करावे लागते. भरीस भर म्हणजे ‘कंपोझिट’ याच नावाची एक स्वतंत्र जुनी आज्ञा आहे आणि तिच्यात क्रम उलटा आहे : वर ठेवायचे चित्र आधी लिहायचे, खालचे नंतर.

तिसरा दोष चिन्हांचा. ‘क्लोन’ किंवा ‘डिलीट’च्या आधी वजा चिन्ह असेल तर पुढे क्रमांक द्यायचा, अधिक चिन्ह असेल तर शेवटचे चित्र समजायचे. पण ‘अपेंड’च्या आधी वजा असेल तर चित्रे एकाखाली एक जोडली जातात, अधिक असेल तर शेजारी शेजारी. ‘अ‍ॅडजॉइन’च्या आधी अधिक असेल तर अर्थ होतो, सगळी चित्रे एका फाईलीत घालू नकोस. एकाच चिन्हाचे तीन ठिकाणी तीन अर्थ! अधिक चिन्ह म्हणजे ‘बंद कर’, हे तर गणिताच्या कोणाही शिक्षकाला खटकेल.

चौथा दोष शेवटच्या शब्दाचा. रांगेचे शेवटी काय होणार हे फाईलीच्या नावातली शेवटची अक्षरे ठरवतात. जीआयएफ लिहिले तर चलच्चित्र, पीडीएफ लिहिले तर अनेक पानांचे पुस्तक, जेपीजी लिहिले तर सुट्या फाईली. ही सोय कौतुकास्पद आहे. परंतु एक चित्र मिळेल या समजुतीने जेपीजी लिहावे आणि फोल्डरमध्ये ३६ फाईली पडाव्यात, असे नवख्याच्या बाबतीत होते. चलच्चित्रात दोन चौकटींमधला वेळ सांगणारा ‘डिले’ शतांश सेकंदांत असतो आणि तो चित्रे वाचण्याआधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर आधीच रांगेत आलेल्या चित्रांवर त्याचा परिणाम होत नाही. तक्रारही होत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत गंभीर. इमेजमॅजिकमध्ये ‘मॉग्रिफाय’ नावाची आज्ञा आहे. ती रांग लावत नाही. दिलेल्या यादीतले एकेक चित्र उचलते, बदलते आणि त्याच नावाने परत ठेवते. म्हणजे मूळ चित्र पुसले जाते. आमच्या हातून एकदा झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या दगडफुलांची छायाचित्रे अशीच गेली. टपालातून सहज पाठवता यावीत म्हणून सगळी ८०० पिक्सेल रुंदीची करावीत, एवढाच हेतू होता. काम क्षणात झाले. नंतर दगडफुलांची रुंदी मोजायला बसलो, तेव्हा प्रत्येक चित्रात ठेवलेल्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्या मोसमाची मोजणी तेथेच संपली. दोष आमचा होता. मूळ चित्रे पुसली जातात हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे आणि बदललेली चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी ‘पाथ’ हा पर्यायही आहे. तरीही जी कृती परत फिरवता येत नाही ती साधनाने न विचारता करावी, हे आम्हाला पटत नाही. काच फुटणाऱ्या प्रयोगाला आपण मुलांना आधी चष्मा लावायला सांगतो. नंतर नियम दाखवत नाही.

स्मृतीचा हिशेबही माहीत असावा. रांगेतली सर्व चित्रे एकाच वेळी स्मृतीत उभी असतात. सोळा बिटांच्या साध्या गणनेत प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र फाईल म्हणून ४ मेगाबाइटचे असेल, पण रांगेत ते ९६ मेगाबाइट जागा घेते. अशी ६० छायाचित्रे म्हणजे सुमारे पावणेसहा गिगाबाइट. सातव्या आवृत्तीच्या अपूर्णांकी गणनेत याहूनही जास्त. मर्यादा ओलांडली की साधन डिस्कचा आधार घेते आणि काम कमालीचे मंदावते. शाळेतला संगणक अडकला असे वाटते, ते यामुळे. यावर उपाय आहे : फाईलीच्या नावापुढेच चौकटी कंसात हवा तो आकार लिहिला की चित्र लहान होऊनच रांगेत येते.

सरासरीचे बळ

एवढे दोष सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग हे साधन हवे कशाला? त्याचे उत्तर एका प्रयोगात आहे आणि तो गणिताच्या तासालाही करता येतो.

मंद प्रकाशात छायाचित्र घेतले की त्यात बारीक दाणे दिसतात. हे दाणे दर वेळी वेगळ्या जागी येतात. समोरची वस्तू मात्र जागच्या जागी असते. कॅमेरा न हलवता १६ छायाचित्रे घेऊन प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढली, तर दाणेदारपणा १६ च्या वर्गमुळाने, म्हणजे चार पटींनी कमी होतो. १०० छायाचित्रे घेतली तर दहा पटींनी. इमेजमॅजिकमध्ये रांगेच्या प्रत्येक पिक्सेलचा मध्य, मध्यक, कमाल किंवा किमान काढणारा ‘इव्हॅल्युएट-सीक्वेन्स’ हा हुकूम आहे. सगळे काम एका ओळीत होते.

मध्यकाचा उपयोग तर मुलांना थक्क करतो. मधल्या सुट्टीत मैदानाची पंधरा-वीस छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकात मुले धावत असतील. त्यांचा मध्यक काढला की रिकामे मैदान दिसते! कारण प्रत्येक पिक्सेलवर निम्म्याहून अधिक छायाचित्रांत जमीनच दिसत असते. मधूनच येणारी मुले आकड्यांच्या टोकांना जातात. त्याच छायाचित्रांचा मध्य काढला तर मुलांच्या धूसर सावल्या राहतात. मध्य आणि मध्यक यांतला फरक फळ्यावर आकडे मांडून सांगण्यापेक्षा असा दाखवला तर अधिक चांगला समजतो, असा आमचा अनुभव आहे.

येथे क्रमाचा प्रश्नही निघतो. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते. रांग चुकीची लागली असली तरी सरासरी बरोबरच येईल. पण चुकीचे चित्र रांगेत घुसले तर मध्य बिघडेल आणि ते पाहून कळणारही नाही. मध्यक बराचसा टिकेल. कोणत्या निकालाला क्रम लागतो आणि कोणत्याला नाही, यावरही वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

दोन इशारे द्यायला हवेत. इमेजमॅजिक आतली गणिते सोळा बिटांनी किंवा त्याहून सूक्ष्म करते, म्हणून सरासरीत मिळवलेला बारकावा आत टिकतो. पण निकाल जेपीजीत ठेवला की तो आठ बिटांवर, म्हणजे २५६ पायऱ्यांवर येतो. मोजमाप करायचे असेल तर निकाल सोळा बिटांच्या टिफमध्ये ठेवावा. दुसरे म्हणजे, छायाचित्रातला आकडा प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतो. काळ्याचा ० आणि पांढऱ्याचा २५५ यांची सरासरी सुमारे १२८ येते, पण १२८ ही छटा पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश दाखवत नाही. ती सुमारे २१ टक्केच दाखवते. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ च्या आसपास असतो. प्रकाशाची खरी सरासरी हवी असेल तर आधी चित्रे रेषीय रंगमापनात न्यावी लागतात आणि शेवटी परत आणावी लागतात. साधनाला हे करता येते, पण सांगितल्याशिवाय ते करत नाही.

दुसरे साधन आणि निवाडा

वैज्ञानिक कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड यांनी १९९७ साली ‘इमेजजे’ हे साधन आणले. तेही विनामूल्य आहे. त्यात चित्रांची रांग नसते, थप्पी असते. थप्पीतली सर्व चित्रे एकाच आकाराची आणि एकाच प्रकारची असावी लागतात आणि ती पडद्यावर एकेक सरकवून पाहता येतात. क्रमांकाच्या नावांची चित्रे उघडताना ‘नावे अंकांप्रमाणे लावा’ अशी निवडही तेथे समोर असते. म्हणजे आमच्या मुगाचा घोटाळा तेथे टळण्याची शक्यता अधिक होती. मोजमाप करायचे असेल तर आम्ही इमेजजेच सुचवू. परंतु निरनिराळ्या आकारांची चित्रे एकत्र आणणे, जोडणे, त्यांवर नावे घालणे, पाने तयार करणे आणि तेच काम पुढच्या वर्षी नव्या छायाचित्रांवर जसेच्या तसे करणे, यांत इमेजमॅजिकची रांग सरस ठरते. तिची सवय व्हायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियातील अँथनी थायसेन यांनी या साधनाच्या वापराची उदाहरणे वर्षानुवर्षे जमवून जी सविस्तर मांडणी केली, तिच्यावाचून अनेकांना कंसांचे मर्म कळलेच नसते. एखाद्या साधनाला इतक्या मोठ्या सोदाहरण विवेचनाची गरज पडावी, यात त्याचे सामर्थ्यही दिसते आणि उणीवही.

आमचे मत असे : शिक्षकांनी इमेजमॅजिक जरूर वापरावे, पण त्याचे मौन स्वतः मोडावे. त्यासाठी चार सवयी पुरेशा आहेत.

पहिली, क्रमांकांना आधी शून्ये लावावीत : ००१, ००२, ०१०. आधीचीच साधी नावे असतील तर तारका देऊ नये. नावाचा साचा आणि १ ते ३६ अशी मर्यादा द्यावी, म्हणजे साधन अंकांच्या क्रमाने वाचते. दुसरी, मूळ छायाचित्रे एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांवर लिहिण्याची परवानगी काढून घ्यावी आणि सारे प्रयोग प्रतींवर करावेत. तिसरी, वाक्याच्या मध्ये फाईलीच्या नावाऐवजी ‘इन्फो’ असे सांगून ‘राईट’ लिहावे. त्या क्षणी रांगेत कोण, कोणत्या क्रमाने, किती मोठे उभे आहे, याची यादी पडद्यावर येते. आम्ही शिबिराच्या सकाळी हे केले असते, तर एकच्या पाठोपाठ दहा उभा असलेला तेव्हाच दिसला असता.

चौथी सवय संगणकाची नाही, प्रयोगाची आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत टीपकागदाशेजारी एक घड्याळ आणि दिवसाची चिठ्ठी ठेवावी. मग नाव बदलले, फाईल हलली, साधन बदलले तरी चित्र केव्हाचे आहे ते चित्रातच लिहिलेले राहते.

ही सवय आम्हाला शिबिरातल्या त्या बाईंनीच सुचवली. दुपारी आम्ही रांग नीट लावून चलच्चित्र पुन्हा दाखवले. दाणा फुगला, मूळ बाहेर आले, वाकले आणि कागदावरून पुढे सरकत गेले. साल एकदाच गळले आणि कागदावर पडून राहिले. सकाळी उलगडा करणारे सर पहिल्या रांगेत बसले होते. चलच्चित्र संपल्यावर त्यांनी आमच्याकडून ती एका ओळीची आज्ञा मागून घेतली आणि आपल्या वहीत उतरवली. तिच्याखाली त्यांनी सकाळची चुकलेली ओळही लिहून ठेवली.